आधी पुठ्ठ्याचं घर

कुणी घर बघायला बोलावलं की आपण चपला घालून निघतो. आमच्या विनायकभाऊजींकडे मात्र चष्मा घेऊन जावं लागे. त्यांची घरं टेबलावर असायची, पुठ्ठ्याची!

भाऊजी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात आम्ही शेजारी होतो, गच्ची दोघांत एक. सरकारी इमारत असो की कुणाच्या गोठ्याची भिंत, हे आधी ती पुठ्ठ्याची करणार. दारं उघडायची, जिने वरपर्यंत जायचे, आत माचिसच्या डबीचा पलंगसुद्धा. मी हसले की म्हणायचे, "गलती इथंच करून घ्यावी, वहिनी. पुठ्ठा तक्रार करत नाही."

एकदा एका शाळेचा नमुना बघायला मोठे साहेब आले. "बहुत सुंदर!" म्हणेपर्यंत भाऊजींनी तांब्याभर पाणी मेण लावलेल्या छपरावर ओतलं. ते घरंगळत आलं नेमकं शाळेच्या दारावर, आणि तिथून साहेबांच्या बुटांवर.

"हुजूर, नक्शा यही रहा तो बच्चे हर बरसात ऐसे ही भीगेंगे."

साहेबांनी बुटांकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं, आणि छपराचा उतार बदलायला सांगितला. पुढे माझी मुलं त्याच शाळेत गेली. दारात कधी भिजली नाहीत हो!

दुसरं वेड म्हणजे उचलण्याचं. वीट गाडीतून उतरली की थेट भिंतीपाशीच जायची. "एक चीज दोनदा उचलली, म्हणजे एकदा फुकट उचलली." म्हणून त्यांच्या कामावर ना मलब्याचे ढीग, ना चुन्याची वाट बघत बसलेले मिस्त्री. पण हे वेड ते घरीही आणत. माझ्या स्वयंपाकघरात डोकावून म्हणायचे, "कणकेचा डबा तिकडे, परात इकडे? वहिनी, पोळ्या करता की प्रवास?" आणि डबा उचलून परातीशी ठेवायचे. रागानं मी तो परत नेला. आठवड्यानं गुपचूप त्यांच्याच जागी आणला.

मग आमचं संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, आणि तेही मध्यप्रदेशात मिसळलं. कचेऱ्या भोपाळला निघाल्या. भाऊजींचाही हुकूम आला, आणि त्यांनी तो नुसता घडी घालून खिशात ठेवला.

कारण माई, त्यांची बायको. माईंची नजर जवळजवळ गेली होती. पण इथल्या घरात कुणाला ते कळायचंसुद्धा नाही. उंबरे, कोनाडे, मिठाची बरणी, सगळं हातांना पाठ. "परक्या घरात मी म्हणजे नुसती ठेवलेली ट्रंक," त्या मला म्हणाल्या. "ह्यांना सांगितलंय, तुम्ही जा. मी येत नाही."

आमचे हे म्हणाले, "विनायक नोकरी सोडतो बघ."

भाऊजींनी नोकरी सोडली नाही. त्यांनी भोपाळच्या क्वार्टरचा नकाशा मागवला. क्वार्टरं अजून बांधायचीच होती. पुठ्ठ्याचं घर तयार झालं, या खेपेला बिनछपराचं. माई त्यात बोटं फिरवत बसायच्या.

"अहो, मोरीच्या तोंडाशी ही पायरी कसली? अंधारात डोळसही पडेल इथं."

भाऊजींनी वाकून पाहिलं. ती चूक त्यांच्याही नजरेतून सुटली होती. त्यांनी भोपाळला कळवलं, आणि अख्ख्या रांगेतली ती पायरी होण्याआधीच गेली. कुणाच्या बोटांनी ती काढली, हे तिथल्या बायकांना कधी कळलं नाही.

तरी माई "येते" म्हणेनात. "बोटं चालतात हो, पाय कुठे चालतात?"

एका सकाळी मी गच्चीवर पापड घालायला गेले, तर पाय ठेवायला जागा नाही. गच्चीभर चुन्याच्या रेघा! भोपाळचं घर, खऱ्या मापाचं. मध्ये माई, हात पुढे केलेल्या. मागे भाऊजी, तेही हात पुढे करून, शिवायचं नाही पण पडू द्यायचं नाही असे.

"हे दार. ही खिडकी. इथं वळायचं..." माई वाकल्या. चुलीच्या जागी भाऊजींनी वीट ठेवली होती. हात बरोबर विटेवर पडला.

"अगंबाई, पोचले की!" माई हसल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिथं पापड घालायला गच्ची आहे का हो?"

"आहे," भाऊजी म्हणाले.

"झालं की मग, भाऊजी," मी म्हटलं, "चला खाली, चहा टाकते."

पण भाऊजींनी माईंचा हात धरला, त्यांना हळूहळू परत चुन्याच्या दाराशी नेलं, आणि सोडलं.

"पुन्हा एकदा," ते म्हणाले.