कुलूपवालीच्या पैशांना पाय फुटले

"मी कोण, हे मला विचारू नका," असं म्हणून शोधसम्राट, कुणीही विचारलेलं नसताना, सांगायला लागायचे. "माझा डावा डोळा खरं पाहतो आणि उजवा डोळा खोटं. पावलांच्या आवाजावरून मला माणसाचं वजन कळतं, वासावरून त्याचा हेतू कळतो, आणि त्याने जांभई दिली तर त्याचा सगळा भूतकाळ माझ्यापुढे उघडा पडतो. माझ्यासारखा माणूस शतकात एकदाच—"

"शतकातून एकदा तरी उठ. तुझ्या पाठीला इस्त्री लागेल," ताई म्हणायची.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. इस्त्रीचं दुकान तिचं, दुकानामागची खोली तिची, खोलीतली खुर्चीही तिचीच. त्या खुर्चीवर बसणारा मात्र देवाने दिला होता आणि परत घ्यायला कुणी येत नव्हतं. शोधसम्राट ही पदवी त्यांनी स्वतःला स्वतःच्याच हस्ते दिली होती. गल्लीतले लोक त्यांना चष्मेबहाद्दर म्हणत, कारण कपाळावर सरकवलेला चष्मा ते घरभर शोधत असत. त्यांनी उकललेली प्रकरणं हाताच्या बोटांवर मोजायला गेलं, तर मूठ उघडायची गरज पडत नसे.

तरीही त्या सकाळी कुलूपवाली आली. माणूस बुडायला लागला की काय धरतो, याचा ताईला काही भरवसा राहिला नव्हता. पण ही बाई चष्मेबहाद्दराला धरायला आली हे पाहून ताईला तिची दया आली.

"साहेब, माझे पैसे नाहीसे होतात," कुलूपवाली म्हणाली.

कोपऱ्यावर तिचं छोटं दुकान होतं. पेटीची कुलपं, ट्रंकेची कुलपं, दागिन्यांच्या डबीची नखाएवढी कुलपं, सगळी हाताने घडवलेली. नवरा गेल्यापासून ती आणि तिचे सासरे दोघंच दुकान बघत. सासरे कानशीने किल्ली घासत, ती पितळ चकाकवत असे. रस्त्यावरून गिऱ्हाईक येईनासं झालं, तेव्हा नणदेच्या नवऱ्याने त्यांना वेबसाइट करून दिली. घरबसल्या बघा, घरबसल्या पैसे भरा, कुलूप टपालाने घरी.

"आणि लोक भरतात हो पैसे! मला दिसतात ना कॉम्प्युटरवर. मी कुलूप पाठवते. आठवडाभर पैसे तिथे दिसतात. मग एके दिवशी बघावं तर नाहीत. कुलूप गेलं ते गेलंच, वर पैसेही गेले."

"पुढे?" शोधसम्राटांनी डावा डोळा बारीक केला.

"पुढे माझा दीर. तो रविवारी येतोय. म्हणतो, वहिनी, दुकान चालत नाही, विकून टाकू. बाबांना मी माझ्याकडे नेतो, तुम्ही तुमचं बघा." ती थांबली. पदराच्या टोकाने तिने काउंटरवरचा नसलेला डाग पुसला. "मामंजींना तिकडे करमायचं नाही. चौथ्या मजल्यावर राहतो तो. हाताला कानस नसली की त्यांना जेवण जात नाही. आणि मी तरी त्यांच्याशिवाय... जाऊ दे. पैसे कुठे जातात एवढं सांगा, म्हणजे दिराला तोंड देता येईल."

ताईने इस्त्री उभी करून ठेवली. तिला त्या बाईला सांगावंसं वाटलं, की बाई गं, हा माझा भाऊ आहे, याला स्वतःचा चष्मा सापडत नाही. पण शोधसम्राट तोवर उठले होते आणि त्यांनी कोट घातला होता. उलटा.

दुकानात गेल्यावर शोधसम्राटांनी भिंग काढलं आणि वेबसाइटची पाहणी केली. म्हणजे कॉम्प्युटरच्या काचेवर भिंग धरून ते अर्धा तास एका कुलपाच्या चित्राकडे बघत बसले.

"हे कुलूप उघडं आहे," ते अखेर कुजबुजले.

"ते चित्र आहे, साहेब."

"गुन्हेगाराला तेवढं पुरतं."

त्या दिवशी पहिला सिद्धांत जन्मला. हे काम परदेशी टोळीचं. पैसे लगेच न चोरता आठवडाभराने चोरतात, म्हणजे टोळी शिस्तीची आहे, तिथे रजा मंजूर करून घ्यावी लागते. टोळीला सापळ्यात पकडायला त्यांनी ताईच्या कार्डावरून स्वतःच एक कुलूप मागवलं आणि दोन दिवस पडद्यासमोर दबा धरून बसले. टोळी आली नाही. कुलूप मात्र आलं.

"पैसे कुणाचे गेले?" ताईने विचारलं.

"शास्त्राचे," शोधसम्राट म्हणाले.

दुसरा सिद्धांत नणदेच्या नवऱ्यावर पडला. त्याने वेबसाइट केली, म्हणजे त्याने चोरवाट ठेवली असणार. पुरावा काय, तर त्याने नवे बूट घेतले होते. शोधसम्राट सबंध दुपार त्याच्या मागून चालले. बूट करकर वाजत होते आणि तो माणूस लंगडत होता. संध्याकाळी त्याने मागे वळून विचारलं, "काका, तुम्हाला पण टाचेला लागतं का हो? हे बूट मंगल कार्यालयातल्या सेलमधून घेतले, एका मापाने लहान आहेत." शोधसम्राट त्याच्याबरोबर टाचेला लावायची पट्टी घेऊन घरी आले.

"सुटला?" ताईने शर्टाची कॉलर दाबत विचारलं.

"मी सोडला."

ताई हसली नाही. तिच्या भावाचा मूर्खपणा आजवर फुकट होता. त्यात कुणाचं काही जात नव्हतं. मांजर हरवलं, मांजर आपण होऊन परत आलं, यांनी श्रेय घेतलं, संपलं. पण या वेळी समोर रविवार येऊन ठेपला होता. तिकडे एक म्हातारा कानस घासत बसला होता आणि एक बाई त्याच्या ताटात वाढताना पोळीबरोबर काळजी वाढत होती.

शनिवारी शोधसम्राट उड्या मारत आले.

"ताई! कीबोर्डच्या फटींत मी काय पाहिलं असेल?"

"तुझं प्रतिबिंब?"

"पितळेचा कीस! दुकानात पितळ कोण घासतं? म्हातारा! म्हातारा कुणाला न सांगता कॉम्प्युटर उघडतो. का? पैसे उडवायला. का उडवतो? दुकान बुडावं, मुलाने न्यावं, चौथ्या मजल्यावरून हवा खावी म्हणून! आता सांग, मी कोण?"

"तू गप्प बस," ताई म्हणाली. पण ती आतून थोडी हलली. भावाला जेवायला बोलवायला दुकानात गेली होती, तेव्हा कीस तिनेही पाहिला होता.

रविवारी दीर आला. टेम्पो बाहेर उभा करून आला, म्हणजे ठरवूनच आला होता. चांगला माणूस होता. फक्त चांगल्या माणसांना असते तशी त्याला घाई होती.

"बाबा, तुमचा पलंग बसतो का बघतो टेम्पोत. वहिनी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

सासरे स्टुलावर बसले होते. हातात किल्ली होती, किल्लीवर कानस होती, कानस थांबलेली होती. कुलूपवाली भिंतीला टेकून उभी होती. भिंतीवरची सगळी कुलपं तिच्यामागे बंद तोंडाने लोंबत होती.

आणि नेमकं तेव्हाच, ताईला घेऊन सकाळपासून दुकानात येऊन बसलेल्या शोधसम्राटांनी घसा खाकरला.

"थांबा. कुणीही हलू नका. गुन्हेगार याच खोलीत आहे."

"अरे, नको," ताई म्हणाली.

"तो," शोधसम्राटांनी भिंगाने नेम धरला, "स्टुलावर बसला आहे."

बाहेर टेम्पोवाल्याने एकदा हॉर्न वाजवला आणि बहुधा लाजून थांबला. शोधसम्राटांनी कीस सांगितला, हेतू सांगितला, चौथा मजला सांगितला, हवासुद्धा सांगितली.

दिराने बापाकडे पाहिलं. "बाबा? तुम्ही कॉम्प्युटरला हात लावता?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "लावतो."

"मामंजी!" कुलूपवालीचा आवाज फाटला.

"रोज पहाटे लावतो, सूनबाई. तू उठायच्या आत."

शोधसम्राट इतके फुगले, की त्यांच्या कोटाचं एक बटण गळून पडलं. ताईला त्या क्षणी आपला भाऊ, त्याचं भिंग आणि त्याचे दोन्ही डोळे एकत्र घडी घालून कपाटात ठेवावेसे वाटले.

"पण काय करता तिथे?" दिराने विचारलं.

"बघतो, कुणी लिहिलंय का."

"काय लिहिलंय का?"

"उघडलं म्हणून." म्हातारा किल्लीशीच बोलत होता. "कुलूप लावून पाहिलं, उघडून पाहिलं, बरं आहे, असं कुणी लिहिलंय का. कुणीच लिहीत नाही. माझा हात बिघडला असं वाटायला लागलंय. सुनेला कोणत्या तोंडाने सांगू?"

तेवढ्यात दार ढकलून एक उंच बाई आत आली. खांद्याला पर्स, पर्सला कुलूप.

"हे कुलपाचं दुकान ना? मी दातांची डॉक्टर. शेजारच्या गावाहून आलेय, आणि भांडायला आलेय. मालक कोण?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोण मालक हाच तर आजचा वाद होता.

"मी," कुलूपवाली पुढे झाली.

"बाई, मी तुम्हाला भिकारीण वाटले का हो? माझ्या हत्यारांच्या पेटीला तुमचं कुलूप मागवलं. पैसे भरले. आठवड्याने पैसे माझ्या खात्यात परत! मला वाटलं चूक झाली. पर्सला दुसरं मागवलं. पैसे भरले. परत! सगळ्या दुनियेत लोक पैसे बुडवायला टपलेत आणि मला मेलीला द्यायचेत तर घेत नाहीत!"

"परत?" कुलूपवाली म्हणाली. "तुमच्याकडे?"

"मग कुणाकडे? बँकेत जाऊन विचारलं. तो मुलगा म्हणाला, मॅडम, दुकानदाराने पैसे उचललेच नाहीत. तुम्ही भरले की ते राखून ठेवलेले असतात. दुकानदाराने 'उचला' बटण दाबलं तर त्याचे. आठवडाभरात नाही दाबलं तर सुटतात आणि येतात घरी. तुम्ही दाबत का नाही बटण?"

कुलूपवालीने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. मग ती खालच्या आवाजात बोलली, शाळेत उभं केलेल्या मुलीसारखी.

"आमच्याकडे गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने कुलूप लावून, स्वतःच्या हाताने उघडून पाहिल्याशिवाय पैसे घेत नाहीत. मामंजींच्या वडिलांपासून तसंच आहे. वेबसाइट करताना नणदेच्या नवऱ्याने विचारलं होतं, पैसे लगेच घ्यायचे की तुम्ही म्हणाल तेव्हा. मामंजी म्हणाले, गिऱ्हाईक 'उघडलं' म्हणेल तेव्हा. ते बटण मला ठाऊक होतं. पण कुणी म्हणालंच नाही. आणि मला वाटलं, राखीव म्हणजे आपल्यासाठी राखीव. कितीही दिवस."

"म्हणजे चोरी..." दीर म्हणाला.

"चोरी कसली," ताई म्हणाली. "चोर तरी पैसे घेतो. इथे कुणीच घेतले नाहीत."

शोधसम्राटांनी घसा खाकरला. "मी सुरुवातीलाच म्हणालो होतो, काम आतल्याच माणसाचं—"

"तू टोळी म्हणाला होतास. रजा मंजूर करून घेणारी."

"ती दिशाभूल होती. मी मुद्दाम केलेली."

"कुणाची?"

यावर शोधसम्राटांनी दोन्ही डोळे मिटले. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलंच अचूक पाऊल होतं.

डॉक्टरीणबाई मात्र म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली होती. तिने पर्सचं कुलूप काढलं, त्याच्यापुढे लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. कट्, कट्, कट्. "हत्यारांच्या पेटीचं तर बहात्तर वेळा उघडलं असेल. दात उपटायला बसवलेला माणूससुद्धा त्या आवाजाने शांत होतो. असं कुलूप मी पाहिलं नाही, आजोबा. आता तरी पैसे घ्याल का?"

म्हाताऱ्याने कानस खाली ठेवली. त्याने हात पुसले, पायजम्याला, मग सदऱ्याला, मग पुन्हा पायजम्याला, आणि तिचे पैसे दोन्ही हातांनी घेतले.

"बाबा," दीर म्हणाला, आणि चांगला माणूस असल्यामुळे हळू म्हणाला, "ही एक झाली. बाकीचे? पैसे परत मिळाले तर कोण सांगत येतंय? गप्पच बसलेत ना सगळे?"

ते खरं होतं. ताईने मनातल्या मनात त्या सगळ्या गप्प बसणाऱ्यांची एक रांग उभी केली. चांगल्या घरांत राहणारी, चांगल्या पेट्या बाळगणारी, फुकटच्या कुलपात आपापली इज्जत जपून ठेवणारी माणसं. कपडे परत करताना खिशातल्या नोटा ताई परत देत असे, तेव्हा लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघत, तीच त्यांची नजर असणार. जणू ही बाई थोडी वेडी आहे.

"त्यांचे नंबर आहेत," कुलूपवाली म्हणाली. "टपालासाठी घेतलेले. पण फोन करून पैसे कसे मागायचे, भावोजी? मला नाही जमायचं."

"पैसे कुणी मागायला सांगितलेत?" म्हातारा स्टुलावरून उठला. "दे इकडे तो फोन. मी कुलपाचं विचारतो."

पहिल्याने फोन ठेवून दिला. दुसऱ्याने, आपण कधीच कुलूप मागवलं नाही, असं शपथेवर सांगितलं, मागून बायकोचा आवाज आला, "अहो, ते पितळेचं नाही का?" म्हातारा निर्विकार चेहऱ्याने "हो, तेच पितळेचं" म्हणाला. "लागतं का नीट? आणि उघडतं?" पलीकडे नवराबायकोची कुजबुज झाली. मग कुणीतरी अवघडून विचारलं, की पैसे पुन्हा कसे भरायचे.

कुलूपवाली कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. तिसरा फोन लागला, चौथा लागला. मधेच पडद्यावर एक नवी ऑर्डर येऊन बसली. बाहेरून टेम्पोवाला आत डोकावला आणि दिराला खूण करून विचारू लागला, की पलंग उचलायचा का.

दीर बापाच्या जवळ गेला. "बाबा, मग काय करू? निघायचं ना?"

म्हाताऱ्याने फोन कानापासून न हलवता दुसऱ्या हाताचा पंजा वर केला.

"थांब रे जरा," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आहे."