दाजी कॅसेटला उत्तर देतात

आमचे दाजी कॅसेटशी बोलतात. गुणगुणत नाहीत, मान डोलवत नाहीत. चक्क उत्तरं देतात. टेपमधून कुणी "आवाज येतोय का?" विचारलं की दाजी इकडून म्हणणार, "येतोय, येतोय, होऊ द्या!" तेवढ्यावर भागलं असतं. पण नेमकी त्याच वेळी ती कॅसेट मोबाइलमध्ये उतरत असते.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, किसनराव. चितेगावच्या कंपनीतून रिटायर झाले आणि नातेवाइकांच्या जुन्या कॅसेटी 'मोबाइलमधी भरून' द्यायला लागले. घर बायपासच्या पलीकडं. लहानपणी तिथं त्यांची मेंढरं गवताची वाट बघायची, आता कॉलनी टँकरची बघते.

पद्धत अशी. टेप पाटावर, समोर मोबाइल वाटीला टेकवून उभा. खिडक्या बंद, पंखा बंद, कुकर बंद. भर मे महिन्यात. आक्का म्हणते, "बाळ्या, माझ्याशी दिवसभर हूं नाय का चूं नाय, अन् त्या डबड्याला मात्र व्हय जी, व्हय जी!" (माझे केस पिकले तरी आक्काला मी बाळ्याच.)

माझ्या लग्नाची कॅसेट त्यांनीच भरून दिली. त्यात मी उखाणा घेताना अडकलो होतो, ही गोष्ट मी पोरांपासून इतकी वर्षं लपवली होती. आता त्या शांततेत दाजींचा आवाज आहे, "बोल की लेका! बायकोचं नाव इसरलास व्हय?" पाहुणे आले की पोरं तेवढाच तुकडा लावतात. बायको पुन्हा लावायला सांगते.

शेवटी मी एक वायर आणली. टेप सरळ लॅपटॉपला जोडायचा, बाहेरचा आवाज आत येण्याचा प्रश्नच नाही. दाजींनी वायर उलटसुलट पाहिली. "वायरीतून गेलं की मानूस बाहेरच ऱ्हातं," म्हणाले. पुढच्या खेपेला गेलो तर तिच्यावर त्यांची बनियनं वाळत होती.

खरं तर ही सगळी तालीम होती. दाजींची स्वतःची एकच कॅसेट होती, त्यांच्या मायची. दाजी नवीनच कंपनीत लागले होते, तेव्हा दुष्काळ पडला आणि घरचे मेंढरं घेऊन खाली नदीकाठी, गंगथडीला उतरले. मायला लिहिता येत नव्हतं. तिनं बाजारातल्या कॅसेटवाल्यापुढं बसून आपलं बोलणं भरलं आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवून दिलं. माय आता नाही. फीतही इतकी विरलेली की वाजली तर एकदाच वाजायची. "हात बसू द्या," असं म्हणत दाजी आणखी कुणाच्या तरी बारशाची कॅसेट घ्यायचे.

अशाच एका बारशाची फीत त्यांच्या टेपनं गिळली, तेव्हा दाजी घाबरले. बनियनं काढून वायर माझ्या हातात दिली. "पाव्हणं, तुमचा टेप आना. मायची तुमच्या पद्धतीनं भरा. पर जपून."

मी भरली. फीत अगदी शेवटाला तुटलीच, पण तोवर सगळं उतरलं होतं. एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? मधेमधे लांबलचक शांतता होती आणि लॅपटॉप ती आपोआप कापतो. मी कापली. मग ऐटीत दाजींपुढं लावलं.

"किसना जेवलास का पांघरून हाय का मुकादम बरा हाय का तुझी बांडी व्याली कोकराचं नाव काय ठिवू बरं सावकाश सांग..."

जशी काही कोर्टातली उलटतपासणी. दाजींनी लॅपटॉपकडं बोट केलं.

"पाव्हणं, माझी जागा कुठंय?"

"कसली जागा?"

"माय इचारायची अन् थांबायची. तिला वाटायचं, मी म्होरंच बसलोय. तवा खोलीवर मित्राच्या टेपवर लावली, तर ती थांबली की पोरं खिदळायची. म्या कॅसेट काढून खिशात घातली. उत्तर द्यायचं ऱ्हाऊनच गेलं."

मूळ फाईल मी पुसली नव्हती. माझ्या आळसाचा आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग.

पुन्हा खिडक्या बंद, पंखा बंद. लॅपटॉप पाटावर, समोर वाटीला टेकलेला मोबाइल. आक्का दारात.

"किसना, जेवलास का?"

"जेवलो, माय. पिठलं अन् भाकर."

"पांघरून हाय का?"

"हाय की. घामानं निथळायलोय."

"मुकादम बरा हाय का?"

"लई डांबरट व्हता. मेला बिचारा."

"तुझी बांडी व्याली. कोकराचं नाव काय ठिवू?"

दाजी अडकले. थेट माझ्या उखाण्यासारखे. 'बोल की लेका' माझ्या जिभेवर आलं होतं, धीर झाला नाही. माय थांबली होती.

तेवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला. एरवी त्या आवाजाला आक्का दोन्ही हातांत बादल्या घेऊन पळते. आज ती रिकाम्या हातांनी, अनवाणी पळाली. बंद खिडकीतून तिचा दबका आवाज मला ऐकू आला, "ए दादा, हॉर्न नको वाजवू. आत आमच्या सासूबाई बोलायल्यात."

"मोती ठिव, माय," दाजी म्हणाले.