शिर्केकाकांचं परमिट

आमच्या खारघरच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी कुणी गुलाबाचं फूल आणि त्याखाली सुविचार टाकला, की बाकीचे लोक हात जोडतात. शिर्केकाका विचारतात, ‘परमिट हाय का?’

फोटो कुणी काढला, सुविचार कुणाचा, आणि तो इथे चिकटवायला त्याची परवानगी घेतली का, असा या प्रश्नाचा अर्थ. नव्या भाडेकरूंना वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय. ते हसण्याचं चित्र टाकतात. मग काका विचारतात, ‘आन या चित्राचं?’

काका माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, सगळी नोकरी तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात. काम सेफ्टीचं. तिथे वेल्डिंग करायचं असो, टाकीत उतरायचं असो की साधा व्हॉल्व्ह उघडायचा असो, आधी काकांच्या सहीचं परमिट लागायचं. मोठे साहेब आले तरी काका हात पुढे करायचे. त्यांच्या पाळीत कधी कुणी भाजलं नाही याचा त्यांना अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. पण माणूस रिटायर झाला म्हणून पुढे केलेला हात मागे जात नाही. कारखाना सुटल्यावर काकांनी तो इंटरनेटकडे वळवला.

मला पहिला फटका कवितेवरून बसला. आईवरची एक कविता मी ग्रुपवर टाकली होती, खाली एका मोठ्या कवीचं नाव. काकांनी येऊन बेल वाजवली. त्यांच्या फोनवर तीच कविता, खाली दुसऱ्याच मोठ्या कवीचं नाव.

“ताई, कविता एक आन बाप दोन?”

“अहो काका, फॉरवर्ड आहे. मला आली, मी पुढे पाठवली.”

“आमच्याकडं बी असंच म्हणायची पोरं. व्हॉल्व्ह आदीच उघडा हुता, मी नुसता तिथनं चाललो हुतो.”

मी कविता काढून टाकली. चिडून काढली, पण काढली.

बरं, हे फक्त दुसऱ्यांच्या मालाबद्दल नाही. स्वतःच्या मालाबद्दल तर काका जास्तच कडक. औषधाच्या दुकानात बिल करताना मोबाइल नंबर विचारतात, आपण सगळे मुकाट सांगतो. काका म्हणतात, “खोकला मला झालाय, नंबरला न्हाई.” एकदा त्यांच्या मागे रांगेत मी उभी होते. दुकानदाराने शेवटी वैतागून स्वतःचाच नंबर घातला.

फोनवर काही नवं घ्यायचं तर काका त्याच्या अटी वाचतात. सगळ्या. ‘मान्य आहे’वर बोट ठेवण्याआधी चष्मा पुसतात. एकदा पनवेलला लग्नाला जायचं म्हणून टॅक्सीचं ॲप घेतलं. अटी वाचून होईपर्यंत तिकडे पंगत बसली होती. शालनकाकू, म्हणजे काकांच्या मिसेस, रिक्षा करून केव्हाच पुढे गेल्या होत्या आणि जेवून परतही आल्या.

आता एवढं सोसल्यावर मी काकांची बाजू कधी घेईन असं मला वाटलं नव्हतं. पण आमच्या सेक्रेटरींनी ती वेळ आणली. सी विंगमधल्या एका बाईंनी ग्रुपवर विचारलं की पाण्याचे टँकर रोज येतात, मग पाणी जातं कुठे? सेक्रेटरींनी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि भाजी चिरायला गेलो. काका खाली गेले आणि ऑफिससमोर खुर्ची टाकून बसले.

“कुठल्या नियमात काढलं त्यास्नी?”

“शिर्के, तुमीच म्हणता ना परमिट पायजे? त्या बाईंनी घेतलं होतं परमिट?”

“टाकीत उतराय परमिट लागतं. टाकीत काय हाय, ह्ये इचाराय लागत न्हाई.”

संध्याकाळी बाई ग्रुपवर परत आल्या. याच बाई आपली स्कूटर रोज काकांच्या जागेत लावतात आणि वर भांडतात. हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, “त्ये भांडण येगळं.”

शालनकाकूंना यातलं काही नव्हतं. पुण्याच्या लेकीला फोनवर रेसिपी सांगून सांगून त्या कंटाळल्या आणि सरळ व्हिडिओ करून नेटवर टाकायला लागल्या. अटी-बिटी न वाचता ‘मान्य’ दाबलं. गॅसजवळ डब्याला टेकवून फोन उभा करायचा आणि बोलत सुटायचं. गेल्या वर्षी त्या गेल्या. आजारपणात त्यांचा फोन बंद पडला होता, तो एक्स्चेंजमध्ये दिला गेला. व्हिडिओ तेवढे नेटवर राहिले, आणि त्यांचं खातं काकांच्या फोनवर आलं. भिंतीपलीकडून मला रोज दुपारी काकूंचा आवाज ऐकू यायचा. कांदा बारीक चिर, घाई करू नगं.

एके दिवशी तो आला नाही. थोड्या वेळाने काकाच दारात आले.

“ताई, ह्ये इंग्रजी जरा वाचा.”

त्यांनी ते आधीच वाचलेलं होतं. फक्त आपल्याला चुकीचं कळलं असावं, अशी त्यांना आशा होती. त्यांना चुकीचं कळलं नव्हतं. काकूंच्या घुट्याच्या, म्हणजे घोटलेल्या उडदाच्या आमटीच्या, व्हिडिओत मागे रेडिओवर एक जुनं सिनेमाचं गाणं लागलेलं होतं. ते एका कंपनीच्या मालकीचं, म्हणून अख्ख्या व्हिडिओचा आवाज बंद केला होता. गाण्याचा तुकडा कापला तर बाकीचा आवाज परत मिळेल, असंही खाली लिहिलं होतं.

“मग कापून टाका की. दोन मिनिटांचं काम.”

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. काकू पळीने उडदाची डाळ घोटतायत. मग मान वळवून फोनच्या मागे कुणाकडे तरी बघतात, काहीतरी बोलतात, आणि परत घोटायला लागतात.

“त्यो कापायचा तुकडा ह्योच. बाकी समद्या व्हिडिओत ती लेकीशी बोलती. हितं माज्याशी बोलतीया.”

“काय म्हणाल्या?”

“त्येच आठवंना. रोज ऐकत हुतो तवा ध्यान दिलं न्हाई, आता नुसतं त्वांड हलताना दिसतंय. घुटं चाखा म्हणती, का जवळ या म्हणती?”

मला फार वाईट वाटलं, आणि त्या कंपनीचा रागही आला. मी म्हटलं, कसला अन्याय आहे हा, ग्राहक मंचात जाऊ, पेपरात देऊ. काकांनी मान हलवली.

“गाणं त्यांचंच हाय, ताई. आपलं परमिट न्हवतं. आता मागू.”

आडवाटेने मूळ आवाजाची कॉपी काढणारे, दुसऱ्या नावाने पुन्हा चढवणारे सल्लागार सोसायटीत कमी नव्हते. एकाने तर फुकट करून देतो म्हटलं. काकांनी कुणाचं ऐकलं नाही. आम्ही कंपनीला ईमेल केला. काका मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचे. चूक आमची आहे, गाणं विकायचं नाही, आवाज तेवढा परत द्यावा. उत्तर आलं नाही की काका पुन्हा पाठवायला लावायचे. पावसाळाभर ग्रुपवर कुणी काहीही टाकलं तरी काका गप्प होते. लोकांना बरं वाटलं. मला ते काही ठीक वाटेना.

दिवाळीच्या तोंडावर कंपनीतल्या कुणाचं तरी छोटंसं उत्तर आलं की हरकत मागे घेतली आहे. काकांनी मला बोलावलं. एकट्याने लावायचा धीर होत नाही, असं सरळ म्हणाले. व्हिडिओ लागला. डाळ घोटल्याचा आवाज आला, मागे गाणं आलं, काकूंनी मान वळवली.

“आवो, बंद करा की त्यो रेडू. किती येळा सांगायचं?”

काका बघतच राहिले. मग हसले, इतके की चष्मा काढावा लागला. हसू थांबलं तरी डोळे पुसणं थांबलं नाही.

“बगा,” ते म्हणाले, “घरात बी परमिट न्हवतंच माजं.”

मी चहा टाकायला उठले. परत आले तर ते तेवढाच तुकडा पुन्हा लावून बसले होते.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी स्वतःहून पहिल्यांदाच काहीतरी टाकलं. काकूंचा घुट्याचा व्हिडिओ होता. खाली लिहिलं होतं, ‘घुटं आणि आवाज : शालन शिर्के. गाणं कंपनीचं, त्यांच्या परवानगीने. कुणालाही विचारू नका, पाहिजे तेवढा पुढे पाठवा. परमिट मी दिलंय.’