कवळीवर कोण बसलं?

दातांच्या दवाखान्यातला कंपाउंडर एका म्हाताऱ्या मुख्याध्यापकांच्या नव्याकोऱ्या कवळीवर बसला, तेव्हा कवळीचे दोन तुकडे झाले. पुसून बाहेरच्या खुर्चीवर ती त्यानेच ठेवली होती आणि विसरून बैठकही त्यानेच मारली होती. मागे त्याच्या हातून आरसा फुटला तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता काही मोडलंस तर कायमचा घरी बस."

समोर दोनच पेशंट होते, दोघंही जबडे धरून डोळे मिटलेले. कंपाउंडरने डोकं चालवलं. "तो चौकड्यांच्या शर्टातला माणूस या खुर्चीवर बसला, तेव्हा काही मोडल्याचा आवाज आला का हो?"

असा माणूस आलाच नव्हता. पण गाल सुजलेल्या मावशींना आवाज आठवला. शेजारच्या पोस्टमास्तरांना शर्ट निळा असल्याचं आठवलं. मावशी म्हणाल्या, हिरवा. हमरीतुमरीवर येता येता दोघांनी मिळून त्या माणसाला टक्कल दिलं आणि लंगडायलाही लावलं.

गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले आणि ते वर्णन ऐकून लालबुंद झाले. हा तर त्यांचा मेहुणा. दोघांचं आधीच विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्यांनी तिथूनच बायकोला फोन लावला आणि तुझ्या भावाने यापुढे आपल्या घराची पायरी चढायची नाही, असं सुनावलं.

कंपाउंडर हादरला. त्याच्या आजारपणात डॉक्टरीणबाईंनी महिनाभर डबा पाठवला होता, आणि त्याने त्यांचं माहेरच तोडलं. नोकरी गेली तर गेली.

"डॉक्टर, कवळीवर मीच बसलो."

"काहीतरीच काय," मावशी म्हणाल्या. "तू तर तेव्हा खिडकी पुसत होतास. मी बघत होते ना."

पोस्टमास्तरांना फडकं पिवळं असल्याचंही आठवलं. दुसऱ्याचं पाप अंगावर घेणाऱ्या अशा माणसाला आपण काढायला निघालो होतो, याची डॉक्टरांना लाज वाटली.

संध्याकाळी मेहुणा लंगडत आला. आता बिंग फुटणार म्हणून कंपाउंडरने डोळे मिटले.

"चुकलं माझं, भावोजी," मेहुणा म्हणाला. "ताईचा फोन येईपर्यंत मी सकाळी इथे आलो होतो हेच डोक्यातून गेलं होतं. मग सगळं आठवलं. बसल्याबरोबर टोचलं होतं मला. म्हटलं, तुमच्या खुर्च्याच तशा."

वीस वर्षांत मेहुण्याने पहिल्यांदा चूक कबूल केली होती. डॉक्टरांनी त्याला मिठी मारली, चहा मागवला, आणि कंपाउंडरलाही मायेने म्हणाले, "अरे, बस की तूही."

"नको डॉक्टर," कंपाउंडर कळवळून म्हणाला. "सकाळपासून बसवतच नाहीये."