वाळूतल्या चार जुड्या

दुपारी जेवल्यावर जरा पडावं की आधी लाकूड आणावं, एवढाच प्रश्न होता. मी पडलो. (अर्जेंटिनातल्या आमच्या तुपुंगातो गावात दुपारी न झोपणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. त्यातून मी पोस्टात शिक्के मारणारा कारकून. आमची सगळी अब्रू त्या झोपेवर उभी.) 'जरा'ची संध्याकाळ झाली आणि तिथून पुढे जे झालं ते आठवलं की अजून झोप उडते.

माझी बायको नोएमी वर डोंगरातल्या मळ्यात वाइन बनवते. त्या रात्री तिने घरी जेवण ठेवलं होतं. ब्वेनोस आयर्सचे हॉटेलवाले आणि एक डॅनिश व्यापारी असे बाराजण येणार, ती एकेक वाइन पुढे करणार आणि शेवटी तिच्या वडिलांच्या जुन्या मळ्याची बाटली उघडणार.

त्या मळ्याचं सांगायला हवं. सासऱ्यांच्या, म्हणजे आन्सेल्मोंच्या वडिलांनी लावलेला माल्बेक जातीच्या द्राक्षांचा मळा होता तो. सासरे गेले आणि मेव्हण्यांनी जमीन बंगले बांधणाऱ्याला विकली. नोएमीचं कोणी ऐकलं नाही. जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, बुलडोझर यायच्या आदल्या दिवशी ती कडाक्याच्या थंडीत एकटी गेली, म्हाताऱ्या वेलांच्या काड्या कापून आणल्या, वडील बांधायचे तशाच पाटाकडेच्या वाळुंजाच्या झाडाच्या लवचिक फोकांनी चार जुड्या बांधल्या आणि मागच्या खोपटात ओल्या वाळूत पुरल्या. सप्टेंबरात त्या वरच्या रिकाम्या तुकड्यात लावायच्या होत्या. काडी जगली की तोच वेल पुन्हा उभा. बाबांचं एवढंच उरलंय, असं तिने मला जेवताना सांगितलं.

तेव्हा मॅच चालू होती. मी "हं" म्हटलं.

माझ्या "हं"चा अर्थ 'काही ऐकलं नाही' असा असतो, हे नोएमीला लग्नापासून ठाऊक आहे. पण त्या दिवशी ती रडत होती, त्यामुळे तिच्या लक्षात आलं नाही.

तर जेवणाच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "ओविदिओ, तुला एकच काम सांगते. एकच. रुफिनोकडून द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या घेऊन ये. मांस त्यांच्याच निखाऱ्यांवर भाजायचं."

"झालंच म्हणून समज," मी म्हणालो.

मी उठलो तेव्हा बर्फाच्या शिखरांवरचं ऊनही निघून गेलं होतं. शेजारच्या रुफिनोच्या फाटकाला हे एवढं कुलूप! स्वारी मुलीकडे गेलेली. आता काय करायचं? आमच्याकडे पाहुण्यांना दुसऱ्या कसल्या लाकडावर भाजलेलं मांस वाढणं म्हणजे लग्नात नवरदेवाला पायजम्यावर उभं करणं. काहीतरी सापडेल म्हणून खोपटात शिरलो, आणि काय सांगू, आनंदाने उडीच मारली. वाळूतून काड्यांची टोकं वर आलेली! चार जुड्या, एकसारख्या कापलेल्या, नीटनेटक्या बांधलेल्या!

"ही बाई जळण ओल्या वाळूत ठेवते," मी मोठ्याने म्हणालो, "आणि वर मलाच वेंधळा म्हणते!"

ओल्या काड्या पेटणार कशा? एरवी मी तिथेच हात टेकले असते. पण त्या दिवशी कुठून अंगात आलं देव जाणे! मी जुड्यांच्या फोका सोडून तिथेच फेकल्या, प्रत्येक काडी माझ्या टॉवेलने पुसली, आणि सगळ्या स्वयंपाकघरातल्या भट्टीत घालून खडखडीत वाळवल्या. आयुष्यात एकच काम मन लावून केलं, ते हे.

नोएमी पाहुण्यांना घेऊन वरून आली तेव्हा निखारे असे फुलले होते की मीच बघत राहिलो. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"रुफिनोने दिल्या ना काड्या?"

"तू जेवणाचं बघ. मालकाला मालकाचं काम करू दे."

पहिला घास खाऊन एक हॉटेलवाला म्हणाला, "बाई, मांस फार खाल्लं, पण हा वास काही वेगळाच! कुठली काडी हो?"

"आमच्या साहेबांना विचारा," नोएमी हसून म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली. (ही मान तेव्हाच उडवली असती तरी चाललं असतं.)

मग तिने शेवटची बाटली उघडली. वडिलांचं सांगितलं, बुलडोझरचं सांगितलं. डॅनिश व्यापाऱ्याने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "म्हणजे ही वाइन संपली? पुन्हा नाही?"

"आहे की!" नोएमीचे डोळे चमकले. "वेल माझ्याकडे आहेत. ओविदिओ, खोपटातल्या वाळूतली एक जुडी आण रे, यांना दाखवू."

माझ्या हातातला चिमटा तिथेच राहिला.

"कुठली जुडी?"

"अरे, बाबांच्या काड्या. तुला सांगितलं नव्हतं का?"

"त्या... जरा ओल्या होत्या, नोएमी."

"ओल्याच ठेवायच्या असतात."

"मी वाळवल्या."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग निखाऱ्यांकडे. शेवटची काडी तेवढ्यात मधोमध मोडून पडली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ताट फेकलं असतं तर मी ते आनंदाने डोक्यावर झेललं असतं. ती पाहुण्यांकडे वळली आणि म्हणाली, "जेवून घ्या. गार होतंय." आवाज तिचा नव्हताच. आणि तो हॉटेलवाला, ज्याला काही कळलं नव्हतं, त्याने आणखी एक तुकडा मागितला. तोही मलाच वाढावा लागला.

पाहुणे गेल्यावर मी बॅटरी घेऊन खोपटातली वाळू हातांनी उपसली. कोपऱ्यात, माझ्या घाईत राहून गेलेली एक काडी सापडली. एकच! मी तिथे बसून पोरासारखा रडलो. ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यात ती लावली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. नोएमीने डब्याकडे एकदा पाहिलं आणि ताटं आवरायला लागली.

तेव्हापासून मी बदललो. दुपारची झोप सोडली. (पोस्टात माझी तब्येत विचारायला लागले.) पहाटे उठून पाणी घालत होतो, गारठा पडला की डबा आत घेत होतो, सासऱ्यांची माफीही मागत होतो, डब्यात तोंड घालून. सप्टेंबर सरता सरता काडीला डोळा फुटला. मग पानं आली, सरसर आली. मी नोएमीला हाताला धरून ओढत आणलं.

"बघ! बाबांचा वेल!"

तिने एक पान बोटांत धरलं. लांब, अरुंद, टोकदार पान.

"ओविदिओ, द्राक्षाचं पान कधी पाहिलंयस?"

"लहान आहे अजून. होईल रुंद."

"ही वाळुंजाची फोक आहे. जुडी बांधली होती ना, तिची."

मी डबा छातीशी धरून उभा.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी रागाने नाही बोलले," ती म्हणाली. "मग तू रोज उठून पाणी घालायला लागलास. लग्न झाल्यापासून तुला कशाची काळजी घेताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, बघू तरी."

खिडकीतून वरचा रिकामा तुकडा दिसत होता. तिने सप्टेंबरासाठी खणून ठेवलेले खड्डे तसेच होते. मला ते बघवेनात.

"आता याचा काय उपयोग?" मी विचारलं.

"आहे ना. पुढच्या वेळी जेवायला पाहुणे आले की सकाळीच तुला याने खुर्चीला बांधून ठेवीन."

मी हसलो. इतक्या दिवसांनी ती गमतीचं बोलली होती. पण नोएमी हसली नाही. तिने फोक दोन बोटांत धरून वाकवून पाहिली, माझ्या पोटाकडे नजर टाकली आणि म्हणाली,

"पाणी घालत राहा. अजून बरीच वाढायला हवी."