डावीकडून येणारा बॉल

मॅच सुरू व्हायच्या आधी गफूर गोल मोजायचा. पावलांनी. एका खांबाला पाठ लावून उभा राहायचा, रोजच्या चालीनं दुसऱ्या खांबापर्यंत जायचा आणि त्याला पंजानं थोपटायचा, टांग्याच्या घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं. "दहा," असं स्वतःशीच म्हणायचा. मग पेनल्टीच्या खुणेपर्यंत पंधरा. मग कोपऱ्यापर्यंत. समोरचा संघ कमरेवर हात ठेवून हा सोहळा बघत राहायचा. कुणीतरी ओरडायचंच, "अबे, जमीन मोजून राह्यला का? पटवारी बोलाव ना!"

गफूर मान न वळवता म्हणायचा, "पटवारी चुकते. माहा पाय नाही चुकत."

सगळं मैदान हसायचं. मीही हसायचो. माझ्या त्या हसण्यापायीच खरं तर हे लिहायला बसलो आहे, पण तिथपर्यंत यायला मला जरा वेळ लागेल. इतकी वर्षं लागली, आणखी काही परिच्छेद लागू द्या.

आमचं चिखलीचं फुटबॉलचं मैदान म्हणजे गुरांच्या बाजाराची जागा. बाजाराच्या दिवशी तिथं बैल उभे राहत, उरलेल्या दिवसांत आम्ही. त्यामुळे गोलाचे खांब कायमचे रोवण्याची सोय नव्हती. मांडववाल्याकडच्या बल्ल्या आणायच्या, मॅचपुरत्या रोवायच्या, संपल्यावर उपटून परत करायच्या. साहजिकच गोल दर वेळी थोडा इकडे किंवा थोडा तिकडे असायचा. गफूरला ही गोष्ट फार सोयीची होती. बॉल बाहेर गेला की तो कपाळावरचा घाम बोटानं निपटून शांतपणे सांगायचा, "खांब हलला बे."

गफूर टांग्याच्या घोड्यांचा साज शिवायचा. अड्ड्याजवळ त्याचं वीतभर दुकान होतं. आत लगाम, पट्टे, बकलं टांगलेली, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये मांडी घालून हा उंच, हाडकुळा माणूस. आम्ही अनवाणी खेळत असू. गफूर दोन्ही घोट्यांना लाल चिंध्या बांधायचा आणि त्यालाच बूट म्हणायचा. संघाचा एकुलता एक बॉल त्याच्याच ताब्यात असे. त्याचे टाके तोच घालायचा, त्याला तेल तोच पाजायचा, आणि त्याची तब्येत विचारली तर घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगायचा. "काल जरा फुगलेली होती. आज बरी हाये."

त्याची मतं ठाम होती. चहा पिऊन आलेल्या माणसाचा बॉल वर जातो. हसत मारलेला बॉल गोलकीपरला दिसतो. पेनल्टी मारताना पोटात गूळ-शेंगदाणे असावेत, दुसरं काही नाही. एकदा आमच्या गोलकीपरनं भीत भीत विचारलं, "आन् भाकर खाल्ली तर?" गफूर बराच वेळ विचार करून म्हणाला, "भाकर खाऊन बॅक खेळा."

या सगळ्यावर लोक हसून सोडून देत, कारण सेंटर फॉरवर्ड म्हणून त्याच्यासारखा माणूस आसपास नव्हता. मी डाव्या कडेनं पळायचो, बॉल मध्ये टाकायचो, आणि तो पडायच्या आत गफूर तिथं हजर असायचा. आम्ही दोघं एकमेकांना हाक मारत नसू. गरज नव्हती. मी मराठी शाळेत मास्तर, तो साज शिवणारा. मैदानाबाहेर आम्हाला एकमेकांशी बोलायला विषयही नसायचा. तरी शाळा सुटली की मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचो. तो शिवायचा. मी बघायचो.

मग त्याचे गोल बंद झाले.

एकदम बंद झाले असं नाही. उजवीकडून आलेला बॉल तो अजून मारायचा. पण माझा बॉल, डावीकडून येणारा, त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर पडायचा आणि तो दुसरीकडेच बघत असायचा. कधी उशिरा वळायचा आणि हवेतच पाय मारायचा. लोक आधी हसले, मग चिडले. मेहकरवाल्यांनी आम्हाला आमच्याच मैदानावर हरवलं त्या दिवशी त्यानं रिकामा गोल समोर असताना बॉल सोडला, आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाला, "खांब हलला." या वेळी कुणीच हसलं नाही.

खांब मोजणं त्यानं त्याच हंगामात सुरू केलं होतं. त्याआधी त्यानं कधी मोजले नव्हते. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

माझ्या आलं होतं.

आमचे कॅप्टन अण्णा देशमुख. अण्णा स्वतः पळत नसत. छत्री आणि शिट्टी घेऊन कडेला उभे राहत. बॉल त्यांनी आणलेला, म्हणून ते कॅप्टन. त्यांना एका गोष्टीचं वेड होतं: नागपूरहून बदलून आलेल्या तहसीलदारसाहेबांनी आसपासच्या संघांसाठी बक्षीस म्हणून ठेवलेली चांदीची ढाल आपल्या ओसरीवर लागली पाहिजे. मेहकरवाली मॅच हरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सात जणांना ओसरीवर बोलावलं. गफूरला बोलावलं नाही.

अमडापूरच्या पाटलांचा निरोप आला होता. त्यांच्याकडे सुखदेव नावाचा एक गडी होता, सशासारखा पळणारा. तो ते आम्हाला द्यायला तयार होते. त्याच्या बदल्यात त्यांना गफूर हवा होता.

"काऊन पण?" हाफबॅकनं विचारलं. "त्याईले मालूम नाही का, तो गोल करत नाही ते?"

"मालूम हाये," अण्णा म्हणाले. "पाटील म्हणते, गोल आमचे आम्ही पाहून घेऊ. आमचा बॉल दर आठ दिवसांनी फाटते. आम्हाले शिवणारा पाहिजे."

यावर थोडं हसू झालं. मग वाद पेटला. गोलकीपर गफूरच्या बाजूचा. तो म्हणाला, फॉरवर्डचा एखादा हंगाम जातो असा, गेल्या साली यानंच आपल्याला जिंकून दिलं, थोडा दम धरा. हाफबॅक म्हणाला, "गेल्या सालचे गोल या साली चालते का बे? दम धरता धरता ढाल मेहकरले जाईन." आणखी एकानं विचारलं, "सुखदेव आला तर आपला बॉल कोण शिवन?" अण्णांनी छत्री जमिनीवर आपटली. "तुमाले गोल पाहिजे का टाके?"

तिघं इकडे, तिघं तिकडे झाले. अण्णा माझ्याकडे वळले.

"मास्तर, त्याले बॉल तू देतं. तूच सांग. काऊन चुकते तो?"

आता सांगतो. त्याच्या आधीच्या थंडीत एकदा सरावाच्या वेळी अण्णांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. माझा बॉल मेलेला असतो म्हणाले. बाकीचे पाणी प्यायला गेले तरी माझा राग उतरला नव्हता. गफूर पंधरा पावलांवर खाली वाकून घोट्याची चिंधी बांधत होता. मी "गफूर!" म्हणून ओरडलो आणि सगळी ताकद लावून बॉल मारला. त्यानं हाक ऐकून मान वर केली. बॉलच्या तोंडाशी चामड्याची वादी असते, तिची गाठ असते. ती गाठ त्यानंच सकाळी घट्ट बांधली होती. ती त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली.

आसपास दुसरं कुणी नव्हतं. तो दोन्ही तळव्यांनी डोळा दाबून बसला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "काही नाही बे. माशी बसली." दुसऱ्या दिवशी डोळा कवडीसारखा झाला होता. लोकांनी विचारलं तेव्हा मी त्याच्या पायरीवरच बसलो होतो. त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "साजाचं बकल उडलं." मी मान हलवली. त्या दिवसापासून तो सुई माझ्या हातात द्यायला लागला. "दोरा ओव, मास्तर." आणि मी ओवून द्यायचो. तो का सांगतो, हे विचारायचो नाही.

ओसरीवर माझ्या तोंडाकडे सहा जण बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नाही, एवढंच. पण त्याच्या मागोमाग 'कशानं?' आलं असतं. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी आज थोडं बरं वाटलं असतं. मी बोललो. मी म्हणालो, "त्याचं मन राहिलं नाही आता खेळात."

हात वर झाले. चौथा हात माझा होता.

गफूरला सांगायला अण्णांनी मलाच पाठवलं. तो एक लगाम शिवत होता. त्यानं ऐकून घेतलं, टाका पुरा केला, दातानं दोरा तोडला. "सुखदेव कसा हाये? पळते?"

"पळते म्हणतात."

"त्याले बॉल पायात देजो. डोक्यावर देऊ नको. नवा हाये." मग त्यानं खुंटीवरचा आमचा बॉल काढून माझ्या मांडीवर ठेवला. "हिले आठ दिवसांनी तेल लागते."

महिनाभरात तो दुकान उचलून अमडापूरला गेला. आम्हाला वाटलं होतं, मॅचपुरता जाईल-येईल. तो घरच घेऊन गेला.

ढालीच्या मॅचला अमडापूरवाले आमच्याच मैदानावर आले. गफूर त्यांच्यात होता. त्यानं खांब मोजले, आमच्या लोकांनी नेहमीप्रमाणे पटवाऱ्याची आठवण काढली. मॅच सुरू झाली आणि मी चक्रावलो. पाटलांनी त्याला मधून काढून डाव्या कडेला उभं केलं होतं. तिथून सगळं मैदान त्याच्या उजव्या हाताला येतं. बॉलही उजवीकडूनच येणार. सुखदेवनं आमच्याकडून एक गोल केला. गफूरनं त्यांच्याकडून दोन केले. दुसरा झाल्यावर तो नाचला नाही, हात वर केले नाहीत. आमच्या गोलापाशी गेला, खांबाला थोपटलं आणि परत जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबला.

"आज खांब जाग्यावर होता, मास्तर."

ढाल अमडापूरला गेली. बैलगाड्या जुंपत असताना मी पाटलांना गाठलं आणि विचारलं, याला कडेला लावायचं तुम्हाला कसं सुचलं? पाटील माझ्याकडे, न येणारं उदाहरण विचारणाऱ्या पोराकडे बघावं तसे बघायला लागले.

"मास्तर, बैल घेताना आम्ही पयले मान पाह्यतो. एका डोळ्यानं अधू बैल मान वाकडी करून चालते. हा गडी आला त्याच दिवशी दिसलं. डावा गेला हाये त्याचा. मंग त्याले डाव्या कडेले लावला." आणि मग, सहज, "तुमच्याकडे इतके दिवस खेळला, कोणाले दिसलं नाही?"

मी म्हणालो, "नाही."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. अण्णा वारले. मी शाळेत हेडमास्तर झालो. माझ्या स्वभावाला लोक गंभीर म्हणतात, आणि मी म्हणू देतो. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या कामानं अमडापूरला गेलो, तेव्हा काम आटोपल्यावर बाजारात गफूरचं दुकान शोधलं. त्याला भेटायचं ठरवूनच निघालो होतो. वाक्यही तयार होतं.

दुकान तसंच होतं, वीतभर. दाढी पांढरी झाली होती. मी त्याच्या डाव्या बाजूनं आलो, उभा राहिलो. त्याला कळलं नाही. दुकानाला लागूनच त्याचं घर होतं, तिथं दुसऱ्या कुणाची चाहूल नव्हती. चुलीवर एका माणसापुरता छोटा तवा होता. भिंतीवर खुंटीला एक फुटका बॉल टांगलेला, तेल लावून चकचकीत ठेवलेला. मी बराच वेळ उभा होतो. मग फिरून उजवीकडे गेलो.

"मास्तर!" तो म्हणाला. लगेच सुई पुढे केली. "बरं झालं आला. दोरा ओव."

मी पायरीवर बसलो. दोरा ओला केला, ओवायला गेलो. चुकला. पुन्हा चुकला. चष्मा घरी राहिला होता. तिसऱ्यांदाही चुकला, तसा तो मान वाकडी करून माझ्याकडे बघत, तोंड अगदी गंभीर ठेवून म्हणाला, "खांब हलला का बे?"

मी हसलो. फार दिवसांनी. आणि त्या हसण्याच्या भरातच म्हणून टाकलं, "गफूर, तो त्या दिवशीचा बॉल, तुझ्या डोळ्यावर..."

त्यानं माझ्या हातातून सुई काढून घेतली.

"बकल उडलं होतं, मास्तर," तो म्हणाला. "साजाचं बकल. साऱ्या गावाले मालूम हाये."

"अरे पण..."

"बकल होतं." त्याचा आवाज वाढला नाही. त्यानं सुई-दोरा मांडीवर ठेवला आणि घरात चहा टाकायला गेला. भिंतीला हात न लावता, पावलं मोजत. दाराशी थांबून म्हणाला, "बस. तू आला म्हंजे दोन कप लागते."

मी चहा पिऊन परत आलो. दोरा तसाच राहिला. तिथं त्यानं मला बोलू दिलं नाही, म्हणून इथं लिहितो. बकल नव्हतं. बॉल होता, आणि तो मी मारला होता.