आतून फिक्स

कार्यालयीन स्वच्छतागृहाचे दार हा प्रशासनाचा अविभाज्य भाग असून, उघडणे व बंद होणे या दोन्ही कर्तव्यांची त्याच्याकडून अपेक्षा असते. त्या दुपारी दाराने दुसरे कर्तव्य चोख बजावले आणि पहिल्याला साफ नकार दिला. आत हेडक्लार्क होते.

ते मुलाखतीआधी भांग पाडायला गेले होते. अधीक्षकाच्या जागेवर डोळा ठेवून त्यांनी अर्धी नोकरी ‘हो साहेब’ म्हणण्यात घालवली होती आणि आता थोड्याच वेळात वरच्या मजल्यावर त्यांचं नाव पुकारलं जाणार होतं. त्यांनी कडी ओढली, तर ती हातातच आली. तरीही ते डगमगले नाहीत. कारभार आधुनिक व्हावा म्हणून ‘सर्व तक्रारी इंग्रजीतच कराव्यात’ असं परिपत्रक त्यांनीच काढलं होतं. त्याला स्मरून त्यांनी दारावर थाप मारली.

“अहो मेंटेनन्स! हे दार जरा फिक्स करा!”

मेंटेनन्सचा माणूस सांगकाम्या, पण कामाला पक्का. त्याने बाहेरून दार हलवून पाहिलं. किंचित हलत होतं. मग हातोडीचे घाव ऐकू आले आणि हेडक्लार्कांना वाटलं, सुटलो एकदाचे.

“झालं बघा साहेब! चांगले लांब खिळे ठोकलेत. आता भूकंप आला तरी दार हलायचं नाही. एकदम फिक्स!”

“अरे शहाण्या, तसं फिक्स नाही! फिक्स म्हणजे... फिक्स!”

“मग तेच तर केलंय. अजून ठोकू का?”

हेडक्लार्कांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“काय हो, झालं का फिक्स?”

“झालंय गं बाई फिक्स, तेच तर रडगाणं आहे!”

“अगंबाई! आनंदाने रडताय होय? थांबा, वन्संना कळवते. मागच्या वेळी फार नाक मुरडलं होतं त्यांनी.” फोन बंद झाला. वन्संना कळवलं म्हणजे दवंडीच पिटली. पाठोपाठ अभिनंदनाचे मेसेज येऊ लागले आणि एका लांबच्या मावसभावाने तर मुलाच्या नोकरीसाठी शब्दही टाकला.

बाहेर आता सगळा विभाग जमला होता. टायपिस्ट बाईंनी डोकं चालवलं. काही फिक्स करायचं म्हणजे तारीखच असणार.

“सर, पुढचा मंगळवार चालेल का? त्याआधी सगळे बिझी आहेत.”

“मंगळवारपर्यंत मी इथे काय करू?”

“तो विषय अजेंड्यावर घेऊ ना, सर.”

हेडक्लार्कांचा तोल सुटला. “वर जाऊन सांगा! आधी फिक्स काय ते बघा, मग मुलाखती घ्या!”

निरोप जसाच्या तसा वर पोहोचला आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण ती जागा त्यांच्या साडूसाठी केव्हाच फिक्स झाली होती. ते चोरपावलांनी खाली आले आणि दाराच्या फटीला तोंड लावून कुजबुजले.

“हळू बोला हो. फिक्स आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं, साहेब? मघापासून सगळ्या ऑफिसला मीच ओरडून सांगतोय!”

साहेब ताठ उभे राहिले. मेंटेनन्सच्या माणसाकडे वळून म्हणाले, “याला आधी फिक्स करा.”

त्याने प्रामाणिकपणे उरलेले खिळे ठोकले.

संध्याकाळी साडू अधीक्षक झाले आणि लोक डबे उचलून घरी निघाले. तेव्हा मात्र हेडक्लार्कांना पद, परिपत्रक, कशाचंही भान उरलं नाही. ते मातृभाषेत कळवळले, “अहो, दार उघडा हो कुणीतरी!”

टायपिस्ट बाई जाता जाता थबकल्या. “सर, तक्रार इंग्रजीतच करायची असते. तुमचंच परिपत्रक आहे.” आणि त्यांनी दिवा मालवला.

हसू नका, वाचकहो. मोडक्या कडीचं काय करायचं असतं, त्याला आपल्या भाषेत एक साधा, रोजचा शब्द आहे: दुरुस्त. इतक्या मोठ्या गोष्टीत तो आतापर्यंत एकदाही आला नव्हता. आणि त्याच्यावाचून तुमचंही काही अडलं नाही.